हत्तीशाळेचे लाकूड

पूर्वी वेत्रवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने सुतारांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सोणक. वयात आल्यावर तो साऱ्या सुतारवस्तीचा प्रमुख झाला.

एके वर्षी राजाने आजारी वाटसरूंसाठी मोठी आरोग्यशाला बांधायचे ठरवले. नगराभोवतीच्या वनाला त्याने अभय दिले होते. तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची मनाई होती. म्हणून पाडलेल्या इमारतींचे जुने लाकूड घ्यावे असे ठरले. कामाची देखरेख सुमंगल नावाच्या अमात्याकडे आली आणि लाकूड पारखण्याचे काम सोणकाकडे.

गोघोष नावाच्या व्यापाऱ्याने तळ्याकाठचा एक पडका महाल विकत घेतला होता. त्यातले सागाचे खांब आणि तुळया त्याने घासून, तेल पाजून मांडून ठेवल्या होत्या. एका तांबूस, गुळगुळीत तुळईवरून हात फिरवीत अमात्य म्हणाला, "सोणका, यात पाहायचं काय राहिलं? उद्या गाड्या लाव."

सोणक खाली बसला. हातोडीने ठोकत तो तुळईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागला. आधी आवाज टणक येत होता. मध्यावर तो बसका झाला. तिथे त्याने नखाने खरवडले, तर नखात मेण आले. मेणाखाली बारीक बारीक भोके होती. एका भोकात टोकदार आरी खुपसताच ती मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर पिठासारखा भुसा सांडला.

"एका तुळईवरून सगळा ढीग वाईट ठरवणार का?" गोघोष म्हणाला.

"नाही. सगळा ढीग पाहणार," सोणक म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत त्याने एकेक लाकूड उलटेपालटे करून पाहिले. बहुतेक सगळ्यांना किडीने आतून पोखरले होते.

दुसऱ्या दिवशी तो राजाच्या मोडक्या हत्तीशाळेकडे गेला. तिथले लाकूड बाहेर काढून टाकले होते. ते काळेकुट्ट होते, खिळ्यांनी भरलेले होते, आणि त्याला हत्तींच्या मुताची अशी घाण येत होती की लोक सरपणालाही ते नेत नव्हते. म्हातारा माहूत कदंबक म्हणाला, "मदात आलेला हत्ती आम्ही या खांबांना बांधत होतो. साखळ्या तुटल्या, खांब हलला नाही."

सोणकाने ते ऐकून घेतले, पण तेवढ्यावर विसंबला नाही. वाकसाने तासून त्याने वरचा काळा थर उडवला. आत मधाच्या रंगाचे, दाट रेषांचे लाकूड निघाले. टोक उचलून त्याने वजन पाहिले, एक डोळा मिटून पीळ पाहिला, जुन्या खाचा कुठे येतात ते पाहिले. खांबांचे बुंधे ओलीने कुजले होते. तेवढे कापून काढले तरी उंची पुरत होती.

"हे घेऊ," तो म्हणाला.

बरोबर आलेल्या अमात्याने नाकाला उपरणे लावले. "आजाऱ्यांच्या डोक्यावर हे? राजा पाहायला येईल तेव्हा मी काय सांगू? गोघोषाच्याच तुळया चढव. हा माझा हुकूम समज."

"अमात्य, हुकूम देणं तुमच्या हातात आहे. पण त्या तुळया माझ्या हातून चढणार नाहीत. छत करकरलं तर धडधाकट माणूस उठून पळेल. तिथे निजणाऱ्यांना पळता येणार नाही."

"तुझं प्रमुखपद जाईल."

"जाऊ द्या."

अमात्य मनाने वाईट नव्हता. नाकावरचे उपरणे खाली घेऊन त्याने विचारले, "आणि तुझं लाकूड कोसळलं तर?"

"छत चढलं की सगळा पावसाळा मी त्याखाली राहीन. मग आजाऱ्यांना आणा."

सोणकाची बायको उत्पला जेवण घेऊन आली होती. ती म्हणाली, "‘मी राहीन’ काय? आणि मी घरी बसून वाट पाहू? आपण राहू म्हणा."

अमात्याला हसू आले, आणि त्याने होकार दिला.

काम जड होते. खिळ्यांवर आपटून हत्यारांच्या धारा जात. घाणीला कंटाळून कितीतरी सुतार सोडून गेले. सोणक मात्र रोज उजाडताच येऊन बसे आणि खरवडत राही.

एके दिवशी गोघोष आला. "तू मला बुडवलंस," असे म्हणून तो रडू लागला. सोणक उठला आणि त्याच्याबरोबर वखारीत गेला. तुळया कापून त्याने किडका भाग वेगळा केला. "तुळई म्हणून हे विकू नकोस. हे तुकडे निरोगी आहेत, यांचे खाटांचे पाय होतील. आरोग्यशालेला खाटा लागणारच आहेत."

गोघोष खाली मान घालून म्हणाला, "मेण मी जाणूनबुजून भरलं होतं. तरी मला मदत करतोस?"

"म्हणूनच म्हणतो, आता ते काढायला तूही बस," सोणक म्हणाला, आणि त्याच्या हातात पटाशी दिली.

छत चढले. पावसाळा लागताच नवराबायको तिथे राहायला आली. एका संध्याकाळी मोठे वादळ झाले. नगरातली झाडे उन्मळून पडली. अमात्य चिंब भिजत धावत आला आणि उंबऱ्याबाहेरून ओरडला, "सोणका, बाहेर ये! वचनातून मी तुला मोकळं केलं!"

तेवढ्यात वर करकर आवाज झाला. सोणकाने मान वर करून नीट ऐकले. "सांधे बसताहेत," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

उत्पलेने कोरडी चटई झटकून पसरली. "अमात्य, भिजू नका. आत या."

अमात्याने एकदा वर पाहिले, एकदा त्या दोघांकडे पाहिले, आणि आत येऊन मधल्या तुळईखाली बसला. वादळ ओसरेपर्यंत तो तिथेच होता. उजाडल्यावर तो म्हणाला, "धर्मशाळेत माणसं तापाने फणफणली आहेत. त्यांना आजच आणतो."

"पावसाळा अजून संपला नाही," सोणक म्हणाला.

"त्यांचा ताप पावसाळा संपायची वाट पाहणार आहे का?"

मग आजारी आले. सोणक आणि उत्पला मात्र घरी गेली नाहीत. शेवटची सर पडून जाईपर्यंत ती दोघे आजाऱ्यांना पाणी पाजत त्याच छताखाली राहिली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अमात्य हा आजचा आनंद. माहूत हा मोग्गल्लान. उत्पला ही राहुलमाता. गोघोष आज याच संघात आहे; तो कोण हे त्याला स्वतःला ठाऊक आहे आणि तेवढे पुरे. सुतार सोणक मात्र मीच होतो. जे पारखून खरे ठरले त्यापासून न ढळणे, यालाच अधिष्ठान म्हणतात. त्या जन्मी मी ती पारमिता पाळली."