सगुणा खारीच्या शेपटीवरचा शिक्का

उंबरवन नावाचं एक जंगल होतं. तिथे गवा राज्य करायचा. तो रीतसर निवडून आला होता, कारण मैदानात तो उभा राहिल्यावर दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

जंगलातली झाडं म्हातारी झाली होती. नवी उगवायची तर बिया पुरायला खारी हव्यात, आणि तिथल्या खारींनी मातीत हात घालणं केव्हाच सोडलं होतं. मग नदीपलीकडच्या खडकाळ माळावरून खारी बोलावल्या. त्यांत सगुणा आली, तीन पिल्लं घेऊन. नवरा घारीने उचलला होता, त्यामुळे कामाला ना म्हणायची सोय नव्हती. ती दिवसभर बिया पुरायची आणि येता-जाता ‘उपरी’ म्हणवून घ्यायची.

रहिवासी कार्ड झाडाच्या सालीवर कोरून मिळणार होतं. कोरायचं कंत्राट वाळवीला दिलं होतं. तिचा दर सगळ्यांत कमी होता. साली आत जायच्या, कार्ड काही बाहेर यायचं नाही. तोवर अडायला नको म्हणून कचेरीतले उदमांजर साहेब प्रत्येकाच्या शेपटीवर आपल्या वासाचा शिक्का मारायचे. वास आहे तोवर तुम्ही आहात, असा साधा सरळ कायदा होता.

एक दिवस टिटवीने निरोप आणला, की सगुणेच्या आईने अन्न सोडलंय, एकदा तोंड दाखवून जा. सगुणा धावत साहेबांकडे गेली. कार्ड आलं नाही, पण आईला भेटून आले तर चालेल का, असं तिने विचारलं.

साहेब मिशी चाटत म्हणाले, “जायला आमची काहीच हरकत नाही. परत यायचं म्हणाल, तर ते खातं वेगळं आहे.”

पिल्लं साळुंकी मावशीच्या हवाली करून ती निघाली. नदी ओलांडताना ओंडक्यावर शेपटी उंच धरून बसली. हात भरून आले, पण शिक्क्याला थेंब लागू दिला नाही. आईने लेकीला हुंगलं, दोन दाणे खाल्ले, आणि सगुणेला रडूच कोसळलं.

आता माळावरच्या खारींची रीत अशी, की लेक माहेरी आली की आईने तिची शेपटी चाटून साफ करायची. नाही केली तर लेक परकी झाली म्हणतात. थकलेली सगुणा दोन घटका झोपली आणि म्हातारीने हौसेने शेपटी लख्ख केली. “कसला घाण वास लावून घेतला होतास गं,” ती म्हणाली.

परतल्यावर वेशीवरच्या वानराने शेपटी तीनदा हुंगली आणि मान हलवली. नवा शिक्का आतल्या कचेरीत मिळतो, आणि आत जायला शिक्का लागतो, असं त्याने शांतपणे समजावलं. माझी पिल्लं आत आहेत हो, म्हणून सगुणेने हात जोडले. आईला आत घ्यायचं तर पिल्लांनी बाहेर येऊन अर्ज करावा, असा सल्ला मिळाला. तिला पलीकडच्या काठावर पाठवून दिलं. तिथे टिटवीकडून कळलं, की धाकटं आईवाचून खात नाही.

चौथ्या दिवशी एक कोल्हा रिकामे ओंडके घेऊन आला. तो गव्याच्या पक्षाचा कार्यकर्ता. उंबरवनात त्या दुपारी ‘उपरे हटाव महासभा’ होती, आणि मूळचे रहिवासी दुपारचे झोपतात. मैदान भरायला डोकी हवी होती. डोई एक द्रोण जांभळं कबूल करून त्याने माळावरचे ससे, घोरपडी, खारी, जे दिसेल ते ओंडक्यांवर चढवलं. सगुणा सगळ्यांत आधी चढली.

वेशीवर वानराने तिला ओळखलं. “तू त्या दिवशीचीच ना?”

“सभेला आलेय,” सगुणा म्हणाली.

वानराने अदबीने फांदी बाजूला केली.

गवा दोन तास बोलला. नदीपलीकडून आलेल्यांनी आपल्या मुळांवर घाव घातलाय, असं त्याने नदीपलीकडून आणलेल्यांना सांगितलं. सगुणा कुठल्याही मूळ रहिवाशाला जमणार नाही अशा खणखणीत आवाजात ‘उपऱ्यांनो, चालते व्हा’ ओरडत होती. सभा लवकर संपावी एवढंच तिच्या मनात होतं. संपली तशी ती थेट आपल्या झाडावर पळाली आणि तिन्ही पिल्लांना उराशी धरून रडली.

दुसऱ्या दिवशी विरोधकांनी ओरड केली, की गर्दी भाड्याची होती. गव्याने तातडीने राजपत्र काढलं: सभेला हजर असलेला प्रत्येक प्राणी पिढ्यान्‌पिढ्यांचा मूळ रहिवासी आहे, आणि तशी नावनिशीवार यादी सोबत जोडली आहे.

सगुणेचं कार्ड अजून वाळवीकडेच आहे. पण उपरे शोधून काढायच्या समितीवर तिची नेमणूक झाली आहे, घोषणांचा जोर पाहून, मूळ रहिवाशांसाठी राखीव असलेल्या जागेवर.