आतून उघडणारे कुलूप

एका राज्यात कुलपांना देवासारखा मान होता, कारण तिथे सांज झाली की डोंगरावरच्या सावल्या गावात उतरत आणि उघड्या दाराच्या घरात शिरून बसत. त्या राज्यात कुमुदा नावाची कुलूपकार होती. तिच्या आईने भट्टी घातली तेव्हा एकच रीत घालून दिली होती. कुलूप विकण्याआधी घडवणाऱ्याने स्वतः आत बसायचे, दार बाहेरून लावून घ्यायचे आणि आतली खिट्टी सरकवून बाहेर यायचे. सावली बाहेर राहावी, पण माणूस आत कोंडला जाऊ नये. लोकांनी निर्धास्त झोपावे, हेच त्या बाईचे जन्माचे स्वप्न होते आणि कुमुदाचेही तेच होते.

मग राजा वज्रकेतूचा सांगावा आला. वीतभर पेट्यांसाठी कुलपे हवीत, खजिन्याच्या दाराला एक थोरले कुलूप हवे. आतली खिट्टी नको. कुमुदाने मनाशी म्हटले, वीतभर पेटीत कोणता माणूस बसणार? खजिन्यात तरी कोण मुक्कामाला जाणार? रीत माणसांसाठी आहे, डबोल्यासाठी नाही. अशी पळवाट कुलूपकारालाच सुचावी! तिने कुलपे दिली, राजाने चांदीचा हातोडा दिला. तो मिरवण्यात बाई इतकी रमली की गावातली माणसे एकेक करून मुकी होत चालली, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

एके सकाळी तिची लेक वल्लरी अंगणात उभी राहून तोंड हलवत होती आणि आवाज येत नव्हता. आदल्या दिवशी पोर राजवाड्याखालून गात गेली होती.

कुमुदा धावत दरबारात गेली. सिंहासनावरून राजा म्हणाला, "ये, कुमुदे. काय हवे?"

आवाज वल्लरीचा होता. तोच कोवळा, शेवटी किंचित हेल काढणारा आवाज, त्या दाढीतून आलेला. मुजरा विसरून कुमुदा माघारी फिरली.

दुकानाच्या ओसरीवर साळुंकी बसली होती. ती कुमुदाच्या मेलेल्या आईच्या आवाजात बोलली.

"राजाने मांत्रिकाला दिलेला शब्द मोडला. म्हणून मांत्रिकाने त्याचा आवाज काढून खजिन्यात टाकला; तो त्याला स्वतःला परत घेता येत नाही. आता तो रोज दुसऱ्याचा आवाज घालतो आणि उतरवून पेटीत ठेवतो. अमावास्येपर्यंत जो आवाज सुटला नाही, तो लोखंड होतो."

"मी काय करू, आई?"

"तीन कामे कर. चांदीचा हातोडा भट्टीत घाल. त्याची खिट्टी घडव. ती थोरल्या कुलपाला बसव, आत जा आणि दार बाहेरून लावून घे. ते आतून उघडले की आतले सारे सुटेल."

"आणि नाही उघडले तर?"

"तर तुझे कुलूप वाईट होते."

हातोडा वितळताना माणसासारखा विव्हळला. कुमुदाने भाता थांबवला नाही. ती कानशीने खिट्टी घासू लागली, तेव्हा मागे टांगलेली कुलपे वल्लरीच्या आवाजात म्हणाली, "आई, मागे बघ ना." वल्लरी तर समोर बसली होती, मुकी. कुमुदाने मागे पाहिले नाही.

अमावास्येला दुपारी ती राजवाड्यात गेली. तेल घालायच्या निमित्ताने तिने थोरल्या कुलपाला खिट्टी बसवली.

"महाराज, याची परीक्षा राहिली आहे. मी आत बसते. आपण बाहेरून लावावे."

राजा त्या दिवशी गावच्या म्हाताऱ्या वैद्याच्या आवाजात बोलत होता. "आणि आतच राहिलीस तर?"

"तर माझाही आवाज आपलाच."

राजा वैद्याचे हसू हसला आणि त्याने किल्ली फिरवली.

आत मिट्ट अंधार होता. मग एकेक पेटी बोलू लागली. कुणी गाईला हाक मारत होते, कुणी अंगाई म्हणत होते, कुणी शिव्या देत होते. सगळ्यांच्या बोलण्यात लोखंड खणखणू लागले होते. मग त्यांनी एकदम विचारले, "कोण आहे?"

"मी," कुमुदा म्हणाली. "कुलपे माझीच आहेत."

सारे गप्प झाले. त्या शांततेची तिला फार लाज वाटली. खालच्या फळीवरून तेवढे एक गाणे येत राहिले, अर्धे लेकीचे, अर्धे लोखंडाचे. कुमुदा रडत खिट्टी ढकलू लागली. खिट्टी हलेना. आत बसायची सवय मोडली होती आणि हात रीत विसरला होता. तेव्हा तिला आठवले, लहानपणी ती अशीच आत बसे आणि आई बाहेरून विचारी, "आहेस ना गं? आधी उचल, मग सरकव."

तिने खिट्टी उचलली. मग सरकवली.

दार उघडले आणि सगळ्या पेट्यांची झाकणे उडाली. आवाज वाऱ्यासारखे बाहेर पडले आणि आपापल्या गळ्याकडे गेले, राजाच्या तोंडातला वैद्याचाही. शेवटचा निघाला तो राजाचा, घोगरा आणि भित्रा. त्या आवाजात त्याने पहिला शब्द उच्चारला, "क्षमा." मग त्याने एकेकाच्या दारी जाऊन तोच शब्द सांगितला.

त्या राज्यात कुमुदाचे दुकान आहे. दारात एक मोठी पेटी आहे. कुलूप लहान असो की मोठे, कुमुदा ते पेटीला लावून आत बसते, गिऱ्हाईक कितीही खोळंबो. वल्लरी बाहेरून किल्ली फिरवते आणि झाकणाला कान लावते.

"आई, आहेस ना गं?"

"आहे. आलेच."