टिटवीची खुर्ची

नदीच्या वळणावर तळवणी नावाचा एक कसबा वसला होता. वरच्या अंगाला व्यापाऱ्यांची पेठ, खालच्या अंगाला साध्या माणसांची आळी, आणि आळी व नदी यांच्या मधे लव्हाळ. लव्हाळ म्हणजे सखल, पाणथळ रान. तिथे लव्हाळ्याची बेटं होती, पाणकणसं होती, बेडूक होते, बगळे होते आणि दिवसभर कोकलणाऱ्या टिटव्या होत्या. लव्हाळ कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. त्यामुळे त्याची काळजीही कुणा एकाला नव्हती.

पुढे वरून हुकूम आला, की गावोगावच्या पाणथळ जागा राखा. मग तळवणीतही पाणथळ सल्लागार मंडळ बसलं. मंडळाने सल्ला द्यायचा आणि नगरपालिकेने तो मानायचा. अध्यक्ष झाले बापूसाहेब इनामदार. पेठेतले धान्याचे मोठे व्यापारी, हाताचे सढळ, आवाजाचे भारदस्त. सदस्य म्हणून शाळेतून निवृत्त झालेले खंदारे गुरुजी होते, रोपवाटिकेवाले मुश्ताकभाई होते आणि एक बाई होत्या.

मंडळाच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की लव्हाळाची पाहणी वैशाखातच करायची. तेव्हा वाट कोरडी असते, पायाला चिखल लागत नाही आणि बापूसाहेबांच्या बागेतल्या कैऱ्यांचं पन्हं मिळतं. दुसरी अशी, की प्रत्येक ठराव एकमताने करायचा. ज्याला पटत नसेल त्याने खुर्ची सोडून घरी जावं, म्हणजे उरलेल्यांचं एकमत आपोआपच होतं. आजवर खुर्ची कुणी सोडली नव्हती. पन्हं खरोखरच छान असे.

एका वर्षी मंडळातल्या बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि जागा रिकामी झाली. बाईच्या जागी बाईच हवी असा नियम. पण पेठेतल्या बायकांचे ते पापड-कुरडयांचे दिवस. कोण येणार? तेव्हा कुणीतरी ऊर्मिलेचं नाव काढलं.

ऊर्मिला आळीत राहायची. शिकलेली होती, तिची पदवी फ्रेम करून भिंतीवर टांगलेली होती, आणि त्या फ्रेमचा खिळा सैल झाला असेल का याचीही तिला काळजी असे. पदरात लहान मुलगी होती. मुलगी रडली की ऊर्मिला घाबरे. मुलगी शांत झोपली की जास्तच घाबरे, आणि नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघे. दाराची कडी लावून झाली तरी परत जाऊन चाचपे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि सावली हलली तरी ओरडत सुटते. म्हणून आळीने ऊर्मिलेचं नावच टिटवी ठेवलं होतं.

"टिटवीला घ्या की मंडळात," पेठेतला एक जण म्हणाला. "घाबरट आहे. दाखवाल तिथे सही करेल."

निरोप आला तेव्हा ऊर्मिला स्वयंपाकघरात धावली. ती सासूबाईंना म्हणाली, "अक्का, गावात माझ्याहून शहाणी माणसं नाहीत का?"

अक्का भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आहेत की. पण त्यांना वेळ नाही. तू जा. रात्रभर आढ्याकडे बघून काळजी करतेस, ती तिथे जाऊन दिवसा कर. तेवढीच मला झोप लागेल."

अशी ऊर्मिला मंडळाची सदस्य झाली.

वैशाखातली पाहणी आली. लव्हाळ वाळून खडखडीत झालं होतं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मधोमध छोटा मांडव घातला होता, टेबल होतं, खुर्च्या होत्या, पन्ह्याचा जग होता. गुरुजींनी ठराव वाचला. लव्हाळात मुरूम टाकून भर घालावी आणि तिथे आठवडी बाजाराचे पक्के ओटे बांधावेत. पेठेतल्या रस्त्यावर बाजारामुळे गाडी हलत नाही, तेव्हा सर्वांचीच सोय.

"इथे राखण्यासारखं आहे तरी काय?" बापूसाहेब हात पसरून म्हणाले. "पडीक माळ आहे नुसता."

सगळ्यांनी माळाकडे पाहिलं. माळच होता. बापूसाहेबांनी सही केली, गुरुजींनी केली, मुश्ताकभाईंनी केली. कागद ऊर्मिलेपुढे आला. तिने पेन उचललं आणि तिथेच तिचं नेहमीचं सुरू झालं.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "म्हणजे मूर्खासारखं असेल कदाचित. पावसाळ्यात इथे पाणी येतं. भर घातल्यावर ते कुठे जाईल?"

"जाईल की नदीला. नदी कशाला असते, सूनबाई?"

"आणि नदीच भरून वाहत असली तर?"

बापूसाहेब हसले. मग मुश्ताकभाई हसले. गुरुजी पन्ह्यातली वेलची शोधू लागले.

"वहिनी," मुश्ताकभाई म्हणाले, "पाण्याची चिंता पाण्याला करू द्या. तुम्ही पन्हं घ्या."

ऊर्मिलेला वाटलं, आपलंच चुकत असेल. ही सगळी मोठी माणसं, आपण काल आलेलो. सही करावी, गोड बोलून घरी जावं. पण पाठीमागे तिला आळीतली घरं दिसत होती. त्यातलं एक तिचं होतं. त्याचा उंबरा बुटका होता आणि आत पाळण्यात मुलगी झोपली होती. तिने पेन खाली ठेवलं. हात कापत होता, म्हणून तो तिने पदराखाली घेतला.

"मला उत्तर मिळालं नाही," ती म्हणाली. "उत्तर मिळाल्याशिवाय मला सही करता येत नाही."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. एकमताचा त्यांना मोठा अभिमान. "मंडळाची रीत माहीत आहे ना? खुर्ची सोडावी लागेल."

"सोडते. पण मग आठ दिवसांत सगळी पेठ म्हणेल, की बापूसाहेबांच्या मंडळात पहिली फूट पडली." हे आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तिने घाईघाईने पुढचं सांगून टाकलं. "त्यापेक्षा असं करा. पुढची बैठक आषाढात घ्या, इथेच. इथे बसून तेव्हाही तुम्हा सर्वांना हेच योग्य वाटलं, तर मी सही करीन. माझा शब्द."

बापूसाहेबांना सौदा कळत असे. हा त्यांना फायद्याचा वाटला. "ठरलं," ते म्हणाले. "हेच टेबल, ह्याच खुर्च्या. बघू तुझं पाणी."

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ! नळावर, दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर एकच विषय. "काय टिटवे, आलं का पाणी?" असं लोक तिला येताजाता विचारू लागले.

आणि पाणी काही येईना. ज्येष्ठ भुरभुरत गेला. आषाढ लागला तरी तळवणीवर ढग यायचे, बघायचे आणि निघून जायचे. इतर वर्षी मुलीची दुपटी वाळत नाहीत म्हणून ऊर्मिला रडकुंडीला येई. या वर्षी दुपटी खडखडीत वाळत होती, आणि ती दोरीखाली उभी राहून त्यांच्याकडे रागाने बघत होती.

"अक्का, मी उगाच हट्ट केला," ती म्हणाली. "आता सही करावी लागणार. वर हसं होणार."

"हसं तर वैशाखातच झालं," अक्का म्हणाल्या. "ते परत कितीदा होईल? जा, आणि विचारलेलंच परत विचार. तुला रोज मला तेच तेच विचारायची सवय आहेच."

बैठकीचा दिवस उजाडला. आभाळ निळंशार. लव्हाळात जमीन जेमतेम ओली होती. ट्रॉलीतून टेबल आलं, खुर्च्या आल्या. रीत म्हणून कैऱ्यांच्या मोरंब्याचं सरबत करून त्याच जगमधून आणलं होतं. आळीतली माणसं लव्हाळाच्या कडेच्या बांधावर गंमत बघायला उभी राहिली. बापूसाहेबांनी खुर्चीवर ऐसपैस बसून आभाळाकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला.

"कर सूनबाई सही. शब्द दिलास."

ऊर्मिलेने पेन उचललं. "शब्द दिलाय, तो मोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना योग्य वाटत असेल तर करते. फक्त त्याआधी कुणीतरी मला उत्तर द्या. मी खरंच विचारतेय, वाद घालत नाहीये. पाणी आलं तर ते कुठे जाईल?"

या वेळीही सगळे हसतील असं धरून ती थांबली. पण तिची नजर गुरुजींवर होती, आणि गुरुजींना आयुष्यभर मुलांना उत्तरं देण्याची सवय. त्यांनी घसा खाकरला. "हे बघ, पाणी असं येईल, आणि मग..." त्यांनी काठीने मातीत रेघ ओढली. रेघ नदीपासून निघाली, लव्हाळावर आली आणि तिथे अडली. गुरुजींनी काठी उजवीकडे नेली, डावीकडे नेली. रेघ कुठूनही नेली तरी आळीतच जात होती.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "खरं सांगू का बापूसाहेब? मला माहीत नाही. वैशाखातही माहीत नव्हतं. मी माझी सही मागे घेतो."

"गुरुजी!"

"मलाही आता नीट वाटत नाही," मुश्ताकभाई हळूच म्हणाले. "मी रोपाला पाणी घालताना आधी बघतो, निचरा कुठे आहे. इथे बघायचंच राहिलं."

बापूसाहेब ताडकन उभे राहिले. आणि नेमक्या त्याच क्षणी लव्हाळातल्या टिटव्या एकदम उठल्या. सगळं रान त्यांच्या कोकलण्याने भरून गेलं.

तळवणीवर पाऊस नव्हता, पण वर घाटात तो आदल्या दिवसापासून कोसळत होता. नदी फुगून आली होती, आणि तिचं जादा पाणी नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडाने लव्हाळात शिरत होतं. त्याला ना आवाज होता ना घाई. आधी भेगा भरल्या. मग लव्हाळ्याची मुळं भिजली. मग पाणी टेबलाखाली आलं आणि बापूसाहेबांच्या चपला घेऊन निघालं.

"अहो, उठा, उठा!" बांधावरून आरडाओरड झाली. मंडळ धोतर सावरत, एकमेकांना हात देत बांधावर चढलं. मुश्ताकभाईंनी सरबताचा जग तेवढा वाचवला.

दुपारपर्यंत लव्हाळाचं तळं झालं. टेबल दिसेनासं झालं. खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, त्याही गेल्या. पाणी येत राहिलं आणि लव्हाळ ते पीत राहिलं. पलीकडे नदी नुसती खदखदत होती. पण इकडे आळीतले उंबरे कोरडे होते. त्यांच्या वर, पेठेच्या पायथ्याशी बापूसाहेबांचं धान्याचं गोदाम होतं, तेही कोरडं होतं.

बापूसाहेब अनवाणी उभे होते. त्यांनी लव्हाळाकडे पाहिलं, आळीकडे पाहिलं, मग गोदामाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे रान पावसाळ्यात बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या गोदामात शिरणार होतं."

मग त्यांचा तो भारदस्त आवाज परत आला. "गुरुजी, ठराव लिहा!"

"कागद वाहून गेला, बापूसाहेब."

"मग तोंडी करा! लव्हाळात मुरमाची एक पाटीसुद्धा पडणार नाही. ओटे वरच्या गायरानाच्या कडेला होतील. कुणाकुणाला मंजूर?"

मंडळाचे हात वर गेले. बांधावरच्या आळीचेही गेले, कुणी विचारलं नव्हतं तरी. कुणीतरी ओरडलं, "टिटवीचा विजय असो!" आणि ते नाव सगळ्या बांधाने उचलून धरलं. अक्का नातीला कडेवर घेऊन सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या. मुश्ताकभाईंनी वाचवलेला जग फिरवला. घोटघोटच वाट्याला आला, पण इतकं गोड सरबत तळवणीने कधी प्यायलं नव्हतं.

ऊर्मिला मात्र रडत होती आणि हसतही होती. एका डोळ्याने ती बघत होती, मुलीला घेऊन अक्का बांधाच्या फार कडेला तर नाहीत ना.

तेव्हापासून मंडळाची पाहणी आषाढात होते. पन्ह्याऐवजी चहा असतो आणि चप्पल काढूनच यावं लागतं. ज्याला पटत नाही त्याने खुर्ची सोडायची रीत मोडली. आता ज्याला पटत नाही तो आधी बोलतो. मंडळात नवा सदस्य घ्यायचा झाला तर बापूसाहेब त्याला एकच विचारतात, "तुम्हाला लव्हाळाची काळजी वाटते का?" जो छाती काढून "छे, कसली काळजी!" म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवतात.

ऊर्मिलेच्या खुर्चीला गाव टिटवीची खुर्ची म्हणतं, आणि तिथे बसायला मिळावं म्हणून आता पेठेतल्या बायकाही पापड बाजूला ठेवून येतात.

ऊर्मिला अजूनही दाराची कडी परत जाऊन चाचपते. पण हल्ली अक्का विचारतात, "लागलीय ना गं नीट?"

तात्पर्य: काळजीने विचारलेल्या प्रश्नाला हसू नये, उत्तर द्यावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याने भिडेखातर मान डोलवू नये. एकाचा हात थरथरला तरी चालेल, पण तो सही करण्याआधी थांबला तर गाव वाचतं.