देवटोकच्या देवळातला पिवळा खांब

देवटोकला भगवतीच्या सभामंडपात उजव्या हाताला एक खांब आहे. वेलबुट्टी कोरलेला, तेल पिऊन काळाकुळकुळीत झालेला. खालचा भाग वाळवीने खाल्ला म्हणून त्याखाली ओबडधोबड चिरा सरकवलेला आहे, आणि कमरेच्या उंचीवर एक खोल खाच आहे. पाहुण्यांना पुजारी तिथे दिवा धरून आत बघायला सांगतात. बाहेरून काळा दिसणारा खांब आतून पिवळट, पिकल्या फणसाच्या रंगाचा. खाच कुणी पाडली असे कुणी विचारले, तर पुजारी पायरीवर बसतात आणि मगच सांगतात.

फार पूर्वी या गावात झिलू मेस्त्री नावाचा सुतार होता म्हणे. लाकूड ओळखावे तर त्यानेच. वासावरून, चवीवरून, नुसते बोटाने वाजवूनसुद्धा. आजूबाजूच्या गावांतून लोक जुने दरवाजे, पाळणे बैलगाडीत घालून त्याला दाखवायला आणीत. 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याच्या साऱ्या आयुष्याची माती या एका गोष्टीने केली.

खांबाला वाळवी लागली तेव्हा गाव गोळा झाला. देवळाचा रिवाज असा की लाकूड बदलायचे तर त्याच जातीचे घालायचे, नाहीतर देवीचा कोप. झिलूने आतले लाकूड बघायला पटाशी काढली, तसे देवळाचे मानकरी गावकर आडवे आले.

"देवीच्या खांबाक पटाशी लावची नाय. तुका पटाशी कित्याक व्हयी? तू झिलू मां?"

लोक हसले. झिलूही हसला. त्याने नखाने खरवडून चिमूटभर भुसा काढला, हुंगला, जिभेवर ठेवला. मन कचरत होते, असे सांगतात. खालून एक वास येत होता आणि वरून दुसराच. पण सारे गाव तोंडाकडे बघत उभे असताना माघार घ्यायची त्याला सवय नव्हती.

"उंडी," तो म्हणाला.

खांबाएवढे सरळ उंडीचे झाड गावात एकच होते, समुद्रात शिरलेल्या टोकावर. बाबलो तांडेल पुढे आला. आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस, तो हात जोडून बोलला, "मेस्त्री, ती उंडी आमचो डोळो आसा. ती गेली तर दर्यातसून खाडी आमका गावतली कशी? एकदा परत बघा."

परत बघायला हवे होते. पण झिलूला ते अपमानासारखे लागले. "मी एकदाच बघतंय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने त्याने उंडीवर पहिला घाव घातला.

झाड पडले. ओंडका देवळाशी आणला. जुना खांब उतरवायचा म्हणून आता मात्र गावकरांनी पटाशीला परवानगी दिली. झिलूने कमरेच्या उंचीवर एक खपली उडवली, मग दुसरी. आतले लाकूड फणसाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांनी त्या खांबाला उंडीचे तेल चोळले होते, आणि त्याच्या नखाखाली आला होता तो त्या तेलाचा वास. नुसती एक खपली काढू दिली असती तर! पण काढू दिली नाही, आणि त्यानेही हट्ट धरला नाही.

झिलूचा एकुलता एक मुलगा लवू, उंडी तोडायच्या आधीच, सुतारकामासाठी एका पडावावर, मालाच्या मोठ्या होडीवर, गेला होता. पावसाआधी परत यायचा होता. पडाव आला तो वादळी संध्याकाळी. त्या पडावावरचा एकच माणूस पोहत किनाऱ्याला लागला, आणि त्याने जे सांगितले ते ऐकायला झिलू आणि त्याची बायको आवडी दोघेही उभे होते. पडाव खाडीच्या तोंडाशी अगदी बरोबर आला होता. पडावाचा तांडेल आत वळवतही होता. लवूनेच त्याचा हात धरला. "ह्यो आमचो गाव न्हय. आमच्या टोकार उंडी आसा. फुडे चला." पुढे खडक होते.

काही दिवसांनी एक प्रेत वाळूवर आले. माशांनी आणि खाऱ्या पाण्याने त्याचे काही ठेवले नव्हते. गावकरांनी झिलूला हाताला धरून नेले.

"ह्यो तुमचो झील लवू मां, मेस्त्री?"

झिलू गुडघ्यांवर बसला. पुष्कळ वेळ बघत राहिला. त्या देहात त्याला आपला मुलगा दिसे, आणि पापणी मिटून उघडली की कुणी परकाच दिसे.

"माका वळखूक येणा नाय," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

तेव्हा मागून आवडी ओरडली, "लाकडां वळाखतास मां? मगे आपलो झील वळखा!"

झिलूनेच त्या प्रेताला अग्नी दिला, कारण दुसरे कुणी पुढे येईना. चितेला देवळापुढचा तोच उंडीचा ओंडका फोडून घातला. ओले लाकूड, ते नीट पेटेना. दोन दिवस धुमसत राहिले. त्यानंतर झिलूने हत्यार हातात धरले नाही, आणि देवीचा जुना खांब चिऱ्यावर टेकून तसाच उभा राहिला. देवीचा कोप काही झाला नाही. व्हायचे ते माणसांनीच करून ठेवले होते.

आजही देवटोकच्या किनाऱ्याला बेवारशी प्रेत लागले, तर झिलूच्या भावकीतल्या मेस्त्र्यांच्या घरातला माणूस जाऊन त्याला अग्नी देतो. कोण, कुठला, कुठल्या जातीचा, हे विचारीत नाहीत. तेरा दिवसांचे सुतकही घरात पाळतात. लवूचे श्राद्ध मात्र त्या घरात कधी झालेले नाही. तो देह लवूचाच, हे कुणी सांगू शकले नाही, म्हणून आवडीने जिवंतपणी ते घालू दिले नाही, आणि तिच्यामागे आजवर कुणाला धीर झालेला नाही.