सात मडक्यांची पारख

घाटाच्या तोंडाशी आंबेखिंड नावाचे एक बाजारगाव होते, आणि त्या गावात विसाशेट नावाचा एक दुकानदार होता. त्याचे दुकान एवढे मोठे, की पंचक्रोशीतले लोक म्हणत, विसाशेटकडे जे मिळत नाही ते माणसाला लागतच नाही. मीठ, गूळ, तेल, घोंगड्या, नांगराचे फाळ, देवाचा कापूर, सगळे एका छपराखाली. विसाशेट स्वभावाने वाईट नव्हता. मापात कधी मारत नसे. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो पिंपळाखालच्या मुंग्यांना मूठभर पीठ घाली, आणि एखादीवर पाय पडू नये म्हणून वाट सोडून चाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुकीची दारू आणि छर्रे असत. त्यांची गरज होती. खिंडीतून रानडुकरे उतरत आणि जोंधळ्याचे उभे शेत आडवे करून जात. शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार काढला की कळप पळे, फार तर एखादे डुक्कर पडे. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, आणि वाटण्यासारखे नव्हतेही.

पण दहा वर्षांपूर्वी विसाशेटने एक नवा माल आणला. शिशाच्या दोन गोळ्या आणि त्यांना जोडणारी वीतभर पीळदार तार. लोक तिला तारगोळी म्हणू लागले. बंदुकीतून सुटली की ती गरगरत जाई आणि वाटेत जे येईल ते कापत जाई. डुकरावर ती कोणी झाडत नसे, कारण मग मांस उरत नाही आणि कातडेही उरत नाही. तरी ती खपत होती. घरात असावी म्हणून कोणी घेई. शेजाऱ्याने घेतली म्हणून कोणी घेई.

दारूगोळा घ्यायचा तो पारख पाहून, अशी त्या बाजाराची रीत होती. दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन खांबांवर एक आडवा वासा बांधलेला होता. सुगीच्या दिवसांत दर बाजारी त्या वाशाला दोऱ्यांनी सात मडकी टांगत. विसाशेटचा दिवाणजी अंताजी स्वतः तारगोळी ठासून बार काढी. सातांतली पाच मडकी एका दणक्यात फुटत. उरलेली दोन झुलत राहत. लोक टाळ्या वाजवत आणि मागच्या खोलीकडे वळत.

मडकी असत सगुणा कुंभारणीची. नवरा गेल्यावर तिने स्वतः चाक हाती घेतले होते. बाईने चाक फिरवावे का, यावर गाव वर्षभर बोलले आणि मग तिच्याच मडक्यातले पाणी पिऊ लागले. तिची मुलगी येसू मडकी डोक्यावरून दुकानात पोचवी, दोऱ्या बांधायला अंताजीला हातभार लावी आणि मग विहिरीवर पाण्याला जाई.

एका बाजारी हैबती नावाचा मळेवाला दुकानात आला. त्याने गुळाची ढेप घेतली, नारळ घेतला, अंताजीच्या गुडघेदुखीची चौकशी केली. पारख पाहून तारगोळीही घेतली. ती नखाने दाबून बघत तो अंताजीला म्हणाला, "गूळ दगडासारखा आणि गोळी लोण्यासारखी. तुमच्या दुकानाचं सगळंच उलटं." दुकानातले सगळे हसले.

पुढच्या बाजारी सकाळी हैबतीची बायको विहिरीवर गेली आणि रांग मोडून रहाटाला हात घालू लागली. बायकांनी तिला मागे नेऊन उभे केले. ती घरी जाऊन रडली. हैबती बंदूक घेऊन आला. बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, डोक्यावर मडकी. त्याने एक बार काढला. पाच जणी पडल्या. पाचवी येसू होती.

तो दणका साऱ्या गावाने ऐकला. त्यामागून मडकी फुटल्याचा आवाजही ऐकला. बाजाराचा दिवस होता, तेव्हा लोकांना वाटले, शेटच्या दुकानामागे पारख चालली आहे. कोणी धावले नाही. बाजारातल्या काही जणांनी तर जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. सगुणा चाकावर होती. आता आणखी मडकी लागणार, असे मनाशी म्हणून तिने चिखलाचा नवा गोळा चाकावर ठेवला.

हैबतीला सरकारच्या शिपायांनी धरून किल्ल्यावर नेले. मग गाव पारावर बसले आणि बोलू लागले. जे बोलले ते लिहिले पाहिजे. एक म्हणाला, नशिबात होते. दुसरा म्हणाला, बायकांनी पाणवठ्यावर भांडू नये. तिसऱ्याने सुचवले की दुसरी विहीर खणावी. दौलतराव नावाचा मोठा जमीनदार म्हणाला, बायकांजवळ बंदूक असती तर हे घडलेच नसते. म्हणजे एका हाताने घागर धरायची आणि दुसऱ्या हाताने बंदूक. रहाट कोणी ओढायचा ते त्याने सांगितले नाही. पाच घरांत चूल पेटली नव्हती, आणि पारावर पानाचा डबा फिरत होता.

विसाशेटला वाईट वाटले. त्याने तेरा दिवस एकभुक्त राहून काढले. पाचही घरी जोंधळे आणि लुगडी पाठवली. यापुढे रागीट माणसाला दारूगोळा द्यायचा नाही, असे दुकानात सांगून ठेवले. कोणी विषय काढलाच तर तो म्हणे, माल निर्जीव असतो, झाडतो तो माणूस. हे वाक्य त्याला इतके पटले की ते तो न विचारताही सांगू लागला.

चौदाव्या दिवशी अंताजी कुंभारवाड्यात गेला. सुगी संपायची होती, बाजार तोंडावर होता. त्याने सगुणाकडे सात मडकी मागितली. ती म्हणाली, देणार नाही. तो शेजारच्या चाकावर गेला. तिथेही नाही. कुंभारवाड्यात चार चाके होती. चारही चाकांवरून एकच उत्तर आले. त्या चार घरांत दोन वेळचे पुरे होईल एवढे कधीच नव्हते आणि शेटचे दुकान हे त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते, हे इथे सांगितले पाहिजे.

मग विसाशेट स्वतः आला. सगुणा उन्हात वाळत घातलेली मडकी फिरवत होती. तिने हात थांबवला नाही. शेटने आधी येसूचे दुःख बोलून दाखवले. मग म्हणाला, दुप्पट देतो. मग त्याने आपले नेहमीचे वाक्य काढले.

"सगुणा, मी फक्त विकतो. गोळी कोणावर झाडायची ते घेणारा ठरवतो. मी काय करणार?"

"मीही फक्त मडकी विकली, शेटजी," सगुणा म्हणाली. "दहा वर्षं. ती फोडायला नेतात हे मला ठाऊक होतं. आता मी नाही विकत. माझ्या हातात तेवढंच आहे."

"रागीट माणसाला आता मी देत नाही."

"हैबती रागीट होता? तुमच्या दुकानात हसून गेला तो. गूळ घेऊन गेला."

सगुणाने एक मडके उचलले. ती विसाशेटसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एक विचारते. मडकं फुकट देईन, उत्तर द्या. रानडुक्कर केवढं असतं?"

शेटने गुडघ्याच्या जरा वर हात धरून दाखवला.

"मग तुमच्या वाशाला मडकी एवढ्या उंचीवर का टांगतात?" असे म्हणून तिने ते मडके त्याच्या छातीला लावले.

वासा विसाशेटनेच बांधून घेतला होता. दोऱ्यांची लांबी त्यानेच ठरवली होती. दहा वर्षांत त्याला कोणी हे विचारले नव्हते, कारण प्रत्येकाला उत्तर ठाऊक होते. सगुणाने मडके त्याच्या हातात ठेवले आणि ती कामाला लागली.

शेट ते मडके घेऊन दुकानामागे गेला. वाशाखाली उभा राहिला. सातही दोऱ्यांचे फास त्याच्या छातीशी लोंबत होते. तो बराच वेळ तिथे होता. अंताजीला वाटले, शेटना भोवळ आली असावी. त्याने पाणी आणले. पाणी न घेता शेट म्हणाला, आजपासून या दुकानात तारगोळी मिळणार नाही. पारख बंद. शेतकऱ्याला दारू आणि छर्रे मिळतील, ते त्याच्या पिकासाठी आहेत.

अंताजी व्यवहाराचा माणूस होता. त्याने आठवण करून दिली की मागच्या खोलीत तारगोळ्यांच्या सोळा पेट्या आहेत, आणि घाटापलीकडचा व्यापारी त्या आजच्या आज उचलेल.

"घाटापलीकडे विहिरी नाहीत का, अंताजी?" शेटने विचारले.

"पण आपण नाही विकल्या तर दुसरा कोणी विकेल."

"विकू दे. मग ते पाप त्याच्या दारात. माझ्या दारात नको."

त्याने सोळाही पेट्या अंगणात आणल्या, तारा तोडल्या, शिसे वितळवले आणि नदीकाठच्या भोयांना जाळ्याची वजने करायला देऊन टाकले. भोई आश्चर्य करत घेऊन गेले.

आता गाव खवळले. पाच बायका मेल्या तेव्हा जे पारावरून उठले नव्हते, ते उठून दुकानावर आले. पुढे दौलतराव. त्याने या दुकानातली आपली सारी खरेदी बंद करायची धमकी दिली. बापजाद्यांपासून बंदूक बाळगणाऱ्यांचा हा अपमान आहे, असे तो म्हणाला. मागून दुसरा म्हणाला, वाण्याने तागडी धरावी, गावाला शहाणपण शिकवू नये. आणि मग सगळ्यांच्या वतीने दौलतरावाने विचारले, "आज तारगोळी बंद केलीस. उद्या कोयता बंद करशील, परवा कुऱ्हाड. त्यांनीही माणूस मरतो."

विसाशेट म्हणाला, "कोयत्याला ऊस आहे, दौलतराव. कुऱ्हाडीला लाकूड आहे. छर्र्याला डुक्कर आहे. तारगोळीला काय आहे ते तुम्ही सांगा."

"डुक्करच की."

"बरं. मागं या."

शेट त्यांना वाशापाशी घेऊन गेला. एका दोरीला सगुणाचे मडके बांधलेले होते. त्याने दौलतरावाला मडक्याशेजारी उभे राहायला सांगितले. दौलतराव हसत उभा राहिला. मग त्याने खाली पाहिले. मडके त्याच्या काळजाजवळ झुलत होते. मागचे लोकही पाहत होते. दौलतराव बाजूला झाला, पागोटे सारखे केले आणि म्हणाला, "मी माझा माल दुसरीकडून घेईन."

त्याने घेतलाही. त्याच्याबरोबर आणखी तीस-चाळीस घरे गेली. विसाशेटची गादी पहिल्यासारखी गजबजलेली राहिली नाही. पण जी घरे राहिली ती मान वर करून येत, आणि शेटही त्यांच्याशी मान वर करून बोले.

वर्ष सरले. शेजारच्या दोन बाजारांतल्या दुकानदारांनीही तारगोळी ठेवणे सोडले. तेव्हा गावाला एकाएकी विसाशेटचा अभिमान वाटू लागला. ज्यांनी धमक्या दिल्या होत्या त्यांतलेच काही म्हणू लागले, असा माणूस आपल्या गावात आहे. शेटला मानाचे पागोटे बांधायचे ठरले. पारावर सभा भरली. पाच घरांतली माणसेही बोलावली होती. पागोटे ताटात ठेवलेले होते.

विसाशेट उठला तो थेट सगुणापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "सगुणाबाई, तुम्ही सांगा. घेऊ का?"

"घ्या की," सगुणा म्हणाली. "पण बांधायच्या आधी एक सांगा, शेटजी. पाच गेल्यावर थांबलात. एक गेल्यावर थांबला असता का? मडकी तर दहा वर्षं फुटत होती. तुम्ही पाहत होता. मी पाहत होते. हे बसलेत ते सगळे पाहत होते, टाळ्या वाजवत."

सभा खाली पाहू लागली. विसाशेटने ताटावर कापड झाकले आणि ते परत दिले. तो म्हणाला की उशिराने केलेल्या कामाचा मान घेणे म्हणजे मापात मारणे होईल. त्याने पागोटे घेतले नाही. वासाही काढू दिला नाही. सात दोऱ्या आणि एक मडके तिथे तसेच राहिले, ज्याला पाहायचे त्याने पाहावे म्हणून.

अजूनही सुगीत कोणी शेतकरी डुकरांसाठी एखादा बार काढतो. तो आवाज आला की आंबेखिंडीत टाळी वाजत नाही. हातातले काम टाकून सारे गाव विहिरीकडे धावते.

तात्पर्य: वस्तू कशासाठी केली आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, आणि पाहणाऱ्यांनाही; म्हणून 'मी फक्त विकतो' आणि 'मी फक्त पाहत होतो' या दोन्ही सबबी सारख्याच खोट्या. जे थांबवणे आपल्या हातात आहे, ते थांबवण्यासाठी कोणाचा जीव जाण्याची वाट पाहू नये.