गोधडीच्या मापाचा हौदा

तानूबाई कुंभारणीच्या जुन्या टेम्पोचा लाकडी हौदा कुजून गेला होता. नवरा शिदू होता तेव्हा दोघं मडकी घेऊन जत्रेला जायची आणि माल विकला की त्याच रिकाम्या हौद्यात झोपायची. शिदू वारला, पण तिला हौदा हवा होता तो अगदी तसाच.

तालुक्यात हौदा बांधावा तो आप्पय्या मिस्त्रीनंच, असं आप्पय्या स्वतःच सांगायचा. त्यानं बांधलेला हौदा बघून तानूबाई म्हणाली, "चार बोटं आखूड झालाय."

"तीस वर्षं हौदे बांधतोय मी. तू मला माप शिकवणार? पुरावा काय?"

जुन्या हौद्यावर बेतून शिवलेली गोधडी तिनं आणून अंथरली. ती चार बोटं बाहेर लोंबली. जमलेली माणसं हसली.

मिस्त्री चिडला. "पिळून पिळून लांबली असेल."

"मिस्त्री, वीस वर्षं धुतलेलं कापड आटतं. म्हणजे जुना हौदा हिच्याहूनही लांब होता. मी चारच बोटं मागतेय."

मिस्त्रीनं फळ्या उचकटल्या.

हौदा पुरा झाल्यावर तानूबाई गोधडी अंथरून तिच्या कडेला, नेहमीच्या जागी आडवी झाली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "ह्यांचे पाय मावतील."