कारकुनाचा एकच प्रश्न

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट मात्र मन लावून सांगतो.

फार फार वर्षांपूर्वी एका राजाला वाटलं, राज्यात रानावर खरी माया कोणाची ते मोजावं. ज्यांची माया कमी भरेल त्यांना रानातून उठवायचं, असा त्याने हुकूम काढला. मोजायचं काम एका तरुण कारकुनावर आलं. त्याने खूप विचार करून एकच प्रश्न काढला, "तुम्ही झाड तोडता का?"

राजधानीत घरोघरी उत्तर मिळालं, "छे! कुऱ्हाड कशी धरतात तेही आम्हाला ठाऊक नाही."

डोंगरातल्या पाड्यावर सगळेच म्हणाले, "तोडतो की!"

एवढ्या एका उत्तरावर अख्खा पाडा उठणार होता. कारकून एका म्हातारीला हळूच म्हणाला, "आजी, नाही म्हणा ना. मी तसंच लिहितो."

"का रे बाबा? आमच्या चुली काय तुझ्या राजाच्या दाढीवर पेटतात?" म्हातारी हसली. "खांब रानातला, मांडव रानातला. खोटं कशाला बोलू?"

"अहो, पण रान जाईल तुमचं!"

म्हातारीचं हसू मावळलं. तिने त्याचा हात धरला आणि त्याला रानात नेलं. तिथे गुडघाभर उंचीचे बुंधे होते. प्रत्येकाला नवे फुटवे आले होते आणि प्रत्येक बुंध्यावरच्या एका फुटव्याला गवताचा दोर बांधलेला होता.

"हे माझ्या सासऱ्यानं तोडलं, ते माझ्या लेकानं. दोर बांधलेल्या फुटव्याला कोणी हात लावत नाही. त्याचं झाड होईस्तोवर शेजारचंही तोडायचं नाही. पण हे तू विचारलंच नाहीस."

दरबारात कारकून म्हणाला, "महाराज, पाड्यावरचे लोक झाडं तोडतात."

"मग उठवा त्यांना!"

"राजधानीतलेही तोडतात, महाराज. फक्त कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात असते. या दरबाराला साठ सागवानी खांब आहेत. त्यांच्या बुंध्यांवरच्या फुटव्यांना दोर कोणी बांधला? माझा प्रश्नच चुकला. शिक्षा मला करा, पाड्याला नको."

राजाने त्या खांबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "प्रश्न तुझा होता, पण हुकूम माझा होता." आणि त्याने हुकूम फाडून टाकला. कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पाड्याची वाट चढला.

"आज काय विचारतोस?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी. आज नुसतं बघतो." आणि तो तिच्या मागोमाग रानात गेला.

दुसऱ्याची माया आपल्या मापाने मोजण्याआधी त्याचं जगणं जवळून पाहावं.